मनातून काढलेलं चित्र ताठर का होतं? (जरा लांबलचक उत्तर)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कुठलंही शिक्षण न घेता स्वतःच शिकताय, दुसऱ्याचं चित्र समोर ठेवलं की कॉपी छान जमते, पण स्वतःच्या मनातला ड्रॅगन किंवा योद्धा काढायला घेतला की माणूस ताठर होतो, पंख मागून चिकटवल्यासारखे दिसतात. आणि आता ॲनाटॉमी (शरीररचना) पहिल्यापासून करावी, कोर्स लावावा की भारीतला टॅब्लेट घ्यावा हे ठरत नाहीये. टॅब्लेटचं आधी उरकतो. हौस असेल तर जरूर घ्या, पण त्याने पंख जागेवर बसणार नाहीत.

अडचण अशी आहे की कॉपी करताना तुम्ही रेषा उचलता, वस्तू नाही. समोरच्या चित्रातला खांदा तुम्हाला त्या एकाच कोनातून माहितीये, मान जरा वळवली किंवा खालून बघितल्यासारखं काढायचं ठरवलं की त्या कोनातली रेषाच तुमच्याकडे नसते, मग हात अंदाजपंचे काहीतरी ओढतो. यात कॉपी केलेली वाया गेली असं अजिबात नाही, डोळा आणि हात तयार झालाय, फक्त पुढचं काम वेगळं आहे.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो एका सवयीने. जे काढायचंय ते आधी आठवणीतून काढा, कितीही भिकार येऊ दे. मग रेफरन्स, म्हणजे बघून काढायला घेतलेला फोटो किंवा चित्र, उघडून नीट अभ्यास करा. मग रेफरन्स बंद करून तीच गोष्ट दुसऱ्या कोनातून काढा. बहुतेक लोक फक्त मधलं काम करतात आणि म्हणतात की अभ्यास करूनही डोक्यात काही राहत नाही. राहणार कसं, डोक्यातून काढायची वेळच येऊ दिली नाही ना. पहिलं भिकार चित्र टाकून देऊ नका, नेमकं काय माहिती नाही ते त्यातच दिसतं, आणि तेवढंच शोधायला रेफरन्सकडे गेलं की अभ्यास पटकन होतो.

आता पंखांचंच घेऊ. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो: दंड, कोपर, मनगट, आणि मनगटापासून छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली लांबलचक बोटं, त्यांच्यामध्ये ताणलेलं कातडं, जे खाली अंगाच्या कडेने मागच्या पायापर्यंत जातं. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट. ड्रॅगनच्या पंखाला वरती जो आकडा काढतात ना, तो हा अंगठा, त्यामुळे तो मनगटावर यायला हवा, पण कितीतरी चित्रांत कोपर कुठलं आणि मनगट कुठलं याचाच पत्ता नसतो आणि आकडा भलतीकडेच उगवतो. पक्ष्याचं वेगळं, त्याची बोटं आखूड होऊन जुळलेली असतात आणि लांब पिसं हाताच्या पंजाच्या आणि कोपरापुढच्या हाडांवर बसलेली असतात. टेरोसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातले उडणारे सरपटे, यांचा अख्खा पंख एकाच बोटावर, चौथ्या बोटावर ताणलेला होता. म्हणजे पंखाची तीन वेगवेगळी यंत्रणा तयारच आहेत, एक निवडा आणि ती घडी घातलेली, अर्धी उघडलेली, पूर्ण पसरलेली अशी काढून बघा. घडी घातलेला पंख जमला की समजा कळला.

आणि चिकटवल्यासारखं का दिसतं? कारण खऱ्या जगात पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्याला चारापेक्षा जास्त हातपाय नसतात, पंख धरून. चार पाय अधिक दोन पंख असा ड्रॅगन म्हणजे सहा झाले, त्याचा रेफरन्स कुठेच मिळणार नाही. मग तुम्हालाच दुसरा खांदा बनवावा लागतो, पुढच्या पायाच्या फऱ्याच्या (खांद्याच्या पसरट हाडाच्या) जरा मागे आणि वर, आणि छाती खोल करावी लागते, कारण पंख खाली ओढणारे स्नायू पाठीवर नसतात, छातीवर असतात. पक्ष्यांच्या छातीला त्यासाठीच नौकेच्या तळासारखं पुढे आलेलं हाड असतं. नुसती छाती भरली तरी निम्मा फरक लगेच दिसतो. नाहीतर सरळ दोन पायांचा ड्रॅगन काढा, पुढचे पाय हेच पंख, ते सोपं पडतं.

रेफरन्स वापरणं म्हणजे चीटिंग असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करा. किम जुंग गी (1975-2022) या कोरियन चित्रकाराचं उदाहरण लोक नेहमी देतात, की तो लोकांसमोर भिंतीएवढे कागद कच्चं स्केच न करता भरायचा. बरोबर आहे, पण त्याआधी वर्षानुवर्षं बघून बघून डोक्यात केवढा साठा केला होता ते कुणी सांगत नाही. लिओनार्दो दा विंचीने तर कल्पनेतला प्राणी खरा वाटावा म्हणून त्याचा प्रत्येक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्या असंच लिहून ठेवलंय, ड्रॅगनसाठी शिकारी कुत्र्याचं डोकं, मांजरीचे डोळे, साळिंदराचे कान, कासवाची मान वगैरे.

उलट बाजूही आहे. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1515 साली गेंडा काढला तो प्रत्यक्ष न बघता, वर्णन आणि कुणाच्यातरी स्केचवरून. चिलखतासारखे पत्रे, मानेमागे एक जादाचं शिंग, ॲनाटॉमी चुकीची, तरी पुढे दोनेकशे वर्षं युरोपात बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर गेंडा म्हणजे तोच होता. का, तर प्रत्येक पत्र्याला जाडी आहे, कडा आहे, एक पत्रा दुसऱ्याखाली कुठे शिरतो ते दिसतं. फँटसीत बरोबर असण्यापेक्षा पटणं महत्त्वाचं.

माणसाच्या ॲनाटॉमीबद्दल माझं स्पष्ट मत: स्नायूंची नावं पाठ करत बसू नका. आधी छातीचा पिंजरा आणि कंबरेचा भाग हे दोन ठोकळे कुठल्याही कोनातून काढता येऊ देत, आणि ते एकमेकांविरुद्ध कलतात हे लक्षात ठेवा. वजन एका पायावर असेल तर त्या बाजूचा खुबा वर जातो आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. तुमचे योद्धे ताठर दिसतायत ते बहुतेक याच्यामुळे, खांदे आणि कंबर दोन्ही आडव्या समांतर रेषेत असणार, तपासून बघा. प्रमाण म्हणाल तर खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा, नायक दाखवायचा तर आठ किंवा थोडं जास्त.

राक्षस काढताना मात्र नुसता माणूस मोठा करून चालत नाही. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं पण हाडाची जाडी क्षेत्रफळात चारपटच वाढते, हे गॅलिलिओने 1638 मध्ये लिहिलंय. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात. तुमच्या राक्षसाला डोकं लहान, पाय जाड, गुडघे कमी वाकलेले द्या, लगेच अवजड वाटेल. आणि बोकडाच्या पायांचे किंवा लांडगामाणसासारखे जीव काढता तेव्हा तो मागे वळलेला 'उलटा गुडघा' म्हणजे टाच आहे हे विसरू नका, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. चवड्यांवर उभं राहून आरशात कडेने बघा, कळेल.

चिलखत सगळ्यात शेवटी. आधी अंग पूर्ण काढायचं, मग त्यावर पत्रे चढवायचे आणि स्वतःला विचारायचं की हा हात वर करू शकेल का. तलवार धरलेला हात जमत नसेल तर एखादी काठी किंवा पट्टी धरून मोबाईलवर स्वतःच्याच हाताचे फोटो काढा. तलवारीची मूठ तळव्याला आडवी न जाता तिरकी जाते, हे एकदा दिसलं की परत चुकत नाही.

पर्स्पेक्टिव्हमधली, म्हणजे जवळचं-लांबचं दाखवण्याच्या पद्धतीतली, एकच गोष्ट सांगतो कारण ती ड्रॅगनवाल्यांना फार उपयोगी आहे. क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. सपाट जमिनीवर बघणारा उभा असेल तर त्याच्याच उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, क्षितिजरेषेवर डोळ्यापाशीच कापली जातात. म्हणजे ड्रॅगनच्या पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर हे जवळपास एक माणूस झालं, लांब उभा असला तरी. दहा माणसांएवढा हवाय? तेच अंतर दहा वेळा वर मोजा. मोठं वाटावं म्हणून शेजारी इवलासा माणूस अंदाजे ठेवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

शेडिंगचं फार टेन्शन घेऊ नका. डोळे बारीक करून बघा, उजेड आणि सावली असे दोन गट वेगळे राहिले की झालं, सावलीतला परतलेला उजेड कधीही उजेडातल्या भागाइतका उजळ करू नका. खवले सगळे काढायची गरज नाही, जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात आणि बाहेरच्या कडेला काढा, बाकीचे बघणारा मनाने भरतो.

कोर्सबद्दल: कुणीतरी तुमच्या चित्रावर हात फिरवून दुरुस्त करून दाखवणार असेल तर लावा, नुसते व्हिडिओ असतील तर फुकटचे भरपूर आहेत. निम्मा वेळ अभ्यास, निम्मा वेळ स्वतःची चित्रं पूर्ण करायला ठेवा, आणि पुढचा अभ्यास काय करायचा हे शेवटच्या चित्रात जिथे अडलात त्यावरून ठरवा, कुणाच्या तयार यादीवरून नको. चित्र मधूनमधून आरशात दिसतं तसं डावं-उजवं फ्लिप करून बघत जा, कललेले चेहरे लगेच पकडले जातात. आणि चित्र दाखवताना 'कसं वाटलं' विचारलंत तर 'मस्त' एवढंच ऐकायला मिळेल, 'वजन डाव्या पायावर आहे असं वाटतंय का' असं काहीतरी नेमकं विचारा, मग लोक पण नीट बघतात.