क्रूझमध्ये फ्लॅप किती ठेवावेत?

प्रश्न : सर, मी सेसना १७२ वर शिकते आहे. क्रॉस-कंट्रीला (लांबच्या सराव उड्डाणाला) क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवर स्थिर वेगाने जाताना, १० अंश फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली उतरणारी पट्टी) ठेवले तर लिफ्ट (विमान वर उचलणारा जोर) वाढते, मग पॉवर कमी करून फ्युएल वाचवता येतं, असं आमच्या बॅचमधला एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, काही विमानांत क्रूझसाठी फ्लॅप उलटे वर उचलतात. खरं काय?
– एक प्रशिक्षणार्थी वैमानिक, बारामती

उत्तर : पहिल्याचं चूक आहे. दुसऱ्याचं बरोबर आहे, पण ते तुमच्या विमानाला लागू नाही.

एका उंचीवर सरळ उडताना विमानाला वजनाएवढीच लिफ्ट लागते. जास्तीची घेऊन करायचं काय? फ्लॅप उतरवले की विमान वर चढू पाहतं, ते दाबायला तुम्ही नाक खाली करता. लिफ्ट पुन्हा होती तेवढीच, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, मात्र वाढलेला. शिवाय १७२ एस या मॉडेलमध्ये १० अंश फ्लॅपची वेगमर्यादा ११० नॉट आहे, त्यापुढच्या फ्लॅपला ८५. क्रूझचा वेग ११० च्या आसपासच असतो. नाक जरा खाली गेलं की मर्यादा ओलांडलीच.

उलट फ्लॅपचं म्हणाल तर अमेरिकेच्या मॉल कंपनीच्या विमानांत फ्लॅपला उणे ७ अंशांची खाच असते, आरव्ही-१० या विमानात फ्लॅप ३ अंश वर जातात. मागची कड थोडी वर गेली की पंखाचा बाक कमी होतो, नाक खाली ओढणारा जोर घटतो, मग शेपटीलाही तेवढं खाली दाबावं लागत नाही. वेगात ड्रॅग वाचतो. पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, वाढतो, म्हणून वेग कमी करण्याआधी फ्लॅप शून्यावर आणायचेच. मूळ रचनेतच ही सोय असलेल्या विमानांसाठी हे आहे.

तुमच्या १७२ मध्ये क्रूझला फ्लॅप पूर्ण वर, शून्यावर. ते खरंच शून्यावर बसतात की नाही, हे ठरतं हँगरमध्ये. मी ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. एका विमानाच्या स्नॅग बुकात (बिघाड नोंदवायच्या वहीत) आठवडाभर एकच नोंद येत होती : 'उजवा पंख जड'. मुलं योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे धरून दोन-दोन तास उडत होती. १७२ च्या पंखांतल्या फ्युएलच्या टाक्या, सिलेक्टर 'बोथ'वर (दोन्हीतून फ्युएल घेण्यावर) असूनही, पुष्कळदा असमान रिकाम्या होतात, म्हणून आधी डिपस्टिकने दोन्ही टाक्या मोजल्या. सारख्या निघाल्या. मग पहाटे फ्लॅप पूर्ण वर घेऊन पंखामागे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि डाव्या फ्लॅपची कड शेजारच्या एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्टीच्या) कडेशी ताडून पाहिली. फ्लॅप ८ मिलिमीटर खाली होता. जेमतेम एक अंश. आधीच्या महिन्यात बुश बदलताना त्याचा पुश-पुल रॉड (फ्लॅप हलवणारा दांडा) काढला होता, तो परत लावताना दोन आटे लांब राहिला होता. त्या कामाच्या डुप्लिकेट इन्स्पेक्शनवर, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या फेरतपासणीवर, सही माझी होती. ती मला अजून बोचते.

डावा फ्लॅप खाली म्हणजे डाव्या पंखाला लिफ्ट जास्त, विमान उजवीकडे कलणार. ते सावरायला डावं एलेरॉन वर, उजवं खाली, आणि हा सगळा ड्रॅग संपूर्ण प्रवासभर. एलेरॉन ॲडजस्ट करून हे झाकता आलं असतं, पण १७२ मध्ये एलेरॉनचं न्यूट्रल (मधली जागा) फ्लॅपच्या कडेवरूनच बघतात. फ्लॅपच चुकलेला असेल तर पुढचं सगळं चुकतं. आम्ही रॉड मॅन्युअलप्रमाणे बसवला, लॉकनट आवळला, दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घेतला. त्याच उंचीला, त्याच आरपीएमला ३ नॉट वाढले, आणि योक सोडलं तरी विमान सरळ जाऊ लागलं.

वॉक-अराउंडला, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासताना, फ्लॅप खाली असतानाच बघतात. वर घेतल्यावर सहसा कुणी पाहत नाही. तुम्ही पाहा. दोन्ही पंखांमागे उभं राहून कड एका रेषेत आहे का ते बघा. फरक वाटला तर हात लावू नका, इन्स्ट्रक्टरना दाखवा. फ्युएल वाचवायचं असेल तर क्रूझला मिक्श्चर मॅन्युअलप्रमाणे लीन करा (हवेच्या मानाने फ्युएल कमी करा) आणि ट्रिम नीट बसवा, म्हणजे योक धरून ठेवावं लागणार नाही. खरी बचत तिथे आहे.

आणि पंख जड वाटला तर स्नॅग बुकात नुसतं 'जड' लिहू नका. कोणता पंख, किती वेगाला, बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मध्यावर होता का, दोन्ही टाक्यांत किती फ्युएल होतं, हे सगळं लिहा. आमचा आठवडा त्यानेच वाचला असता.