पेंटरच्या हाताखाली नुकताच लागलोय, आधी काय शिकू?

ब्रश नंतर. आधी पत्रा (भिंत खरवडायची पट्टी) आणि पॉलिशपेपर हातात बसू दे. नवीन मुलांना रोलर फिरवायची घाई असते, पण भिंत खरी तयार होते ती घासण्यात. जुना डिस्टेंपर किंवा चुना नीट खरवडला नाही, तर वरचा भारी इमल्शन रंगसुद्धा पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो आणि शिव्या पेंटरला बसतात.

नवीन प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस सुकू द्यायचं. मालक गृहप्रवेशाची तारीख सांगून मागे लागतो, तरी ओल्या भिंतीला हात लावू नकोस. आतलं पाणी बाहेर येताना खार फुटतो. भिंत सुकली की पुट्टीचे, म्हणजे भिंत सपाट करायच्या लेपाचे, दोन हात, मग 180 नंबरचा पॉलिशपेपर आणि शेवटी त्याहून बारीक 320 चा. अंधारात बल्ब भिंतीला लावून तिरपा उजेड पाड, सगळे खड्डे दिसतात. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मग रंगाचे दोन हात.

पुट्टी घासताना नाकाला साधा रुमाल नको, चांगला मास्क लाव. जुन्या दारांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, ते पाणी लावूनच घास. ही एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली नाही.

आणि हो, वर्षात 90 दिवस काम भरलं की महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदव. वय 18 ते 60 हवं. रंगकामही त्यात येतं. ठेकेदाराकडून दिवस भरल्याचा दाखला आत्तापासूनच मागत जा.