आदेश झाला, पण पोटगी खात्यात आली का?

प्रश्न : माझ्या भाचीसाठी कोर्टाने दरमहा पोटगी ठरवून दिली. सुरुवातीला आली, मग थांबली. न्यू जर्सीतली आमची आतेबहीण म्हणते, तिथे सरकारी कार्यालयच बापाच्या पगारातून पैसे परस्पर वळते करून देतं. पण ही कार्यालयं काम नीट करतात की नाही, हे कोण बघतं? — एक वाचक, भांडुप

उत्तर : बघतात, आणि बारकाईने. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने राज्याराज्यांत ही व्यवस्था उभी राहिली. दरवर्षी राज्याने आपल्याच काही फायली काढून तपासायच्या : पोटगीचा आदेश मिळवला का, थकल्यावर कारवाई वेळेत झाली का. बहुतेक कामांत निदान 75 टक्के प्रकरणं नियमाप्रमाणे हाताळलेली हवीत. फाईल बंद करताना मात्र 90 टक्के. ही जास्तीची कडक अट मला फार मोलाची वाटते. रेंगाळलेल्या फाईलसाठी आई निदान हेलपाटे घालते. एकदा बंद झालेली फाईल पुन्हा कोण उघडतं?

मी मुंबईत पोटगीच्या प्रकरणांत समुपदेशक होते. समन्स परत यायचं, मागे शेरा : ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ आणि समोर बसलेली बाई सांगायची, अहो, कालच तो त्याच चाळीत गणपतीच्या वर्गणीला फिरत होता! आदेश झाला की प्रकरण निकाली. आईच्या पासबुकात रक्कम पडली का, हा रकाना कुठल्याही तक्त्यात मी पाहिला नाही. पोटगीच्या कामाचं मोजमाप तिथूनच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे असं वसुली कार्यालय नाही, अर्ज बहिणीलाच करावा लागेल. आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा (किंवा आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा) असेल, तर प्रत्येक थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज गेलाच पाहिजे. ‘देईल हो तो’ या भरवशावर कित्येकींचे महिने बुडालेले मी पाहिलेत. पासबुक भरून घ्या, महिनावार थकबाकी कागदावर मांडा, त्याच्या नोकरीचा आणि घराचा आत्ताचा पत्ता जोडा. आदेश कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा असेल, तर कलम 20(6) प्रमाणे तो जिथे नोकरी करतो तिथल्या मालकाने त्याच्या पगारातून थेट रक्कम द्यावी, अशी मागणी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. कोणत्या कायद्याखाली आदेश झालाय, ते त्याच्या प्रमाणित प्रतीवर असतं. वकिलांकडे जाताना तीच प्रत आधी पिशवीत टाका.