बीजिंगमधल्या गर्दीच्या, स्वस्त ज्याओझच्या हॉटेलात भाषा येत नसताना कसं जेवायचं?

गर्दीतच शिरा. तेही बाराच्या सुमाराला, आत पाय ठेवायला जागा नसते तेव्हा.

तुम्ही लिहिलंय की कामासाठी महिनाभर बीजिंगमध्ये आहात, खोलीच्या खालीच ज्याओझचं, म्हणजे चिनी डंपलिंगचं, एक छोटं स्वस्त हॉटेल आहे. पण दुपारची झुंबड बघून आणि भाषा येत नाही म्हणून तुम्ही दोनदा दारातून परत फिरलात. आता अडीचनंतर, सगळं निवांत झाल्यावर जावं का, असं विचारताय. मी तिथे नोकरीनिमित्त तीन वर्षं होते आणि आठवड्यातल्या तीन-चार दुपारी अशाच हॉटेलांत जेवले. अडीचनंतर जाऊ नका, असं मी म्हणते त्याचं कारण सारणात आहे.

ज्याओझची पारी म्हणजे फक्त मैदा आणि पाणी. आत मीठ लावलेलं मांस आणि चिरलेली भाजी. भाजीला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून कोबी आधीच मीठ लावून घट्ट पिळून घेतात. मांसाचं उलट. खिम्यात थोडं थोडं पाणी नाहीतर सूप घालत चॉपस्टिकने एकाच दिशेने घोटत राहतात, कारण ते मुरलेलं पाणीच पुढे रस म्हणून तोंडात येतं. इतकं ओलं सारण पातळ पारीत किती वेळ दम धरणार? वळून ठेवलेली ज्याओझ खालून ओली होतात, ताटाला चिकटतात आणि उकळताना फुटतात. भर गर्दीत मात्र वळलेलं ज्याओझ थांबतच नाही, हातातून ताटात आणि ताटातून थेट पातेल्यात. तुम्ही ज्या झुंबडीला घाबरताय तीच तुमच्या ताटातल्या पदार्थाला ताजी ठेवते. निवांत वेळी त्याच हॉटेलात, त्याच पैशांत, सकाळी वळून गोठवलेली ज्याओझ तुमच्यासमोर येण्याची शक्यता जास्त.

आत शिरायच्या आधी काचेतून बघा. बऱ्याच हॉटेलांत वळणाऱ्या बायका दर्शनी भागातच बसलेल्या असतात. त्यांना सगळे ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. माझ्या कानांना तो शब्द पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. त्यांच्या हातातलं लाटणं वीतभर, बिनमुठीचं असतं. एका हाताने पारी गरागरा फिरवायची आणि दुसऱ्या हाताने फक्त कडेवरून लाटणं न्यायचं, मधे जायचंच नाही. त्यामुळे कडा पातळ राहतात, मध्य जाडसर राहतो. मिटताना कडा दुहेरी होतात, म्हणून त्या पातळ हव्यात; सारणाचा भार मध्यावर येतो, म्हणून तो जाड. हे काम चालू दिसलं तर बिनधास्त आत जा. कोणीच वळत नसेल आणि तरी भराभर ताटल्या येत असतील तर दुसरं हॉटेल शोधा. बाकी सजावट, खुर्च्या, भिंतीचा रंग, काहीही बघू नका.

आता गर्दीचं. दाराशी नंबराची चिठ्ठी मिळत असेल तर ती घ्यायची. नसेल तर सरळ आत जाऊन रिकामी खुर्ची शोधायची. रिकामं टेबल मिळणार नाही, एकट्या माणसाने त्याची वाटही बघू नये. अनोळखी लोकांबरोबर टेबल वाटून घेणं तिथे अगदी सर्वमान्य आहे, त्याला ‘पिन-झ्वो’ असा शब्दच आहे. खुर्चीकडे बोट दाखवा, समोरचा मान हलवेल, बसा. ओळख करून घ्यायची, हसून बोलायची अपेक्षा कोणाची नसते. मला सुरुवातीला तो कोरडेपणा वाटायचा. नंतर कळलं की पंधरा मिनिटांत जेवून कामावर परतायचं असणाऱ्या माणसासाठी तो समजूतदारपणा आहे.

टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर भाषेचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. कोड स्कॅन केला की यादी फोनवर येते, बहुतेक वेळा फोटोंसकट, आणि तिचं भाषांतर करून घेता येतं. अलिपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपना परदेशी कार्ड जोडता येतं, ते आज रात्रीच जोडून ठेवा. गल्ल्यावर लांब रांग असताना कार्ड जोडत उभं राहणं नको. थोड्या सुट्या नोटाही जवळ असू द्या.

जिथे हमखास घोटाळा होतो ती गोष्ट म्हणजे ‘लियांग’. जुन्या पद्धतीच्या हॉटेलांत ज्याओझ नगावर मिळत नाहीत, लियांगवर मिळतात. चीनमध्ये एक लियांग म्हणजे 50 ग्रॅम, पण हे वजन तयार ज्याओझचं नसून त्यांना लागलेल्या पिठाचं असतं. 1955 पासून 1993 पर्यंत चीनमध्ये धान्याची रेशन कुपनं चालत आणि हॉटेलात जेवतानाही ती द्यावी लागत. कोणी किती पीठ खाल्लं हा हिशेब तेव्हा कामाचाच होता. कुपनं गेली, लियांग राहिला. एका लियांगमध्ये साधारण पाच-सहा नग येतात, हॉटेलागणिक एखादा कमीजास्त. मी पहिल्याच दिवशी दहा नग हवेत म्हणून दहाही बोटं दाखवली. गल्ल्यावरच्या बाईंनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा मान डोलावली. दहा लियांग म्हणजे पन्नासच्या वर ज्याओझ. माझ्यामागे रांगेत एक आजोबा होते. त्यांनी हात पुढे करून माझी आठ बोटं हळूच मिटवली आणि बाईंना म्हणाले, “अर लियांग”, म्हणजे दोन लियांग. माझी दहा-बारा ज्याओझ आली. हे दोन शब्द पाठ करा. चांगली भूक असेल तर ‘सान लियांग’, तीन.

एकाच सारणाचे तीन लियांग घेण्यापेक्षा दोन वेगळी सारणं घ्या. काही ठिकाणी एका सारणाचे किमान दोन लियांग घ्यावे लागतात, तेव्हा चार लियांग घेऊन उरलेली बांधून न्या. ‘दाबाओ’ म्हटलं की डबा मिळतो. सारणांत डुक्कर-कोबी सगळीकडे असतं आणि सहसा चांगलंच असतं. मेंढीचं मांस आणि पातीचा जाड कांदा, हे थंडीत अवश्य. ईशान्य चीनकडच्या लोकांचं हॉटेल असेल तर आंबवलेल्या कोबीचं, ‘स्वानत्साय’चं. पण बीजिंगमध्ये आहात तर ‘हुएइश्यांग’ चुकवू नका. हुएइश्यांग म्हणजे बडीशेपेचा हिरवा पाला. तो मूठभर बारीक चिरून मांसात मिसळलेला असतो, आणि पहिल्या घासाला इतका ताजा, गोडसर वास येतो की मी दुसरं ज्याओझ उघडून बघितलं होतं, आत नक्की काय आहे म्हणून. हे सारण बीजिंगच्या लोकांचं खास लाडकं आहे. यादीत दिसलं की घ्याच. सोबत ‘पाय-हुआंगग्वा’, म्हणजे ठेचलेली काकडी, लसूण आणि व्हिनेगर घालून. बस्स, आणखी काही मागवू नका.

शाकाहारी असाल तर थोडं थांबून वाचा. ‘सू’ लिहिलेलं सारण म्हणजे बिनमांसाचं, पण त्यात अंडं बहुधा असतंच आणि वाळवलेली बारीक कोळंबीही असू शकते. ‘जिउत्साय-जिदान’ म्हणजे लसणीच्या चवीची पात आणि अंडं, हे सर्वांत जास्त मिळणारं बिनमांसाचं सारण. कोळंबी नको, हे फोनवर चिनीत लिहून दाखवा, तोंडी प्रयत्न करू नका. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते: सगळी ज्याओझ बहुतेक एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात उकळतात. हे चालणार नसेल तर पूर्ण शाकाहारी हॉटेलच शोधावं लागेल, बौद्ध पद्धतीची अशी हॉटेलं बीजिंगमध्ये आहेत. डुक्कर चालत नसेल तर पाटीवर ‘छिंगझन’, म्हणजे हलाल, असं लिहिलंय का ते बघा. तिथे मेंढीची आणि गाईबैलांची ज्याओझ असतात, आणि मेंढीची तिथली मला जास्त आवडायची.

ताटली आली की लगेच खा. दुसरी यायची वाट बघत बसू नका, फोटोही एकच. टेबलावर दोन बाटल्या असतील, सोया सॉस आणि काळं व्हिनेगर. वाटीत फक्त व्हिनेगर घ्या. हेही मला त्याच आजोबांनी शिकवलं. ते माझ्याच टेबलावर बसले होते. मी सोया सॉस ओतायला गेले तर त्यांनी बाटली बाजूला सारली आणि व्हिनेगरची पुढे केली. सारणात मीठ आणि सोया आधीच असतं, वरून आणखी घातलं की नुसतं खारट लागतं. व्हिनेगर मात्र चरबीचा जडपणा कापतं. शान्शी प्रांतातलं जुनं मुरवलेलं व्हिनेगर ज्वारीपासून करतात, ते आंबट आणि उग्र. ज्यांग्सूमधल्या झेनज्यांगचं चिकट तांदळापासून होतं, ते जरा गोडसर. दोन्ही चाखून बघा. आवडीप्रमाणे लाल मिरचीचं तेल. उत्तरेकडचे लोक सोबत लसणीची कच्ची पाकळी सोलून खातात, एक घास ज्याओझचा, एक चावा लसणीचा. दुपारी मीटिंग नसेल तेव्हा हे करून बघा. हिवाळ्यात व्हिनेगरमध्ये मुरवून हिरवीगार झालेली लसूण टेबलावर दिसली तर ती बिघडलेली नाही. ‘लाबा’ लसूण म्हणतात ती, आणि ती कच्च्या लसणीपेक्षा पुष्कळ सौम्य असते.

पहिलं ज्याओझ एका घासात तोंडात टाकू नका, आतला रस जीभ पोळवतो. अर्धं चावा, वाफ जाऊ द्या, उरलेल्या अर्ध्यात व्हिनेगर शिरू द्या. दुसरा घास पहिल्यापेक्षा चांगला लागतो.

शेवटी ‘ज्याओझ-थांग’ मागा. ज्यात ज्याओझ उकळली ते पाणीच वाडग्यात देतात, सहसा फुकट. पहिल्यांदा मला ते धुवणासारखं दिसलं आणि मी तसंच ठेवलं. आजोबांनी त्यांचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले, मी पिईपर्यंत. पिठाने किंचित दाट झालेलं, बिनमिठाचं, गरम. लसूण-व्हिनेगरनंतर घशाला फार बरं वाटतं. ज्यात शिजलं तेच पाणी जेवण पचवतं, अशी तिकडची जुनी समजूत आहे. पातेल्यात दिवसभर ज्याओझ पडत असतात, म्हणून भर दुपारी हे पाणी छान दाट झालेलं असतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून गेलात तर नुसतं गरम पाणी मिळेल.

पातळ पारीत रस्सा भरलेली वाफवलेली श्याओलुंगबाओ इथे मागू नका. ती शांघायच्या बाजूची. तिच्यातला रस्सा म्हणजे डुकराच्या कातडीचं थिजवलेलं सूप, वाफेवर ते वितळतं. कौशल्य वेगळं, हात वेगळे. उकडलेल्या ज्याओझच्या हॉटेलात ती मिळालीच तर बहुतेक बाहेरून आणलेली, गोठवलेली असते.

खाऊन झालं की उठा. मागे कोणीतरी तुमच्या ताटलीकडे बघत उभं असतं. तुम्हाला घालवायला नव्हे, फक्त भूक लागलेली असते म्हणून.

डिसेंबरमध्ये तिथे असाल तर 21-22 तारखेच्या सुमाराला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, अर्धा तास लवकर निघा. त्या दिवशी उत्तर चीनमध्ये घरोघरी ज्याओझ खातात आणि हॉटेलांबाहेर रांगा लागतात. हान राजघराण्याच्या काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याने थंडीने फुटलेल्या कानांवर उपाय म्हणून मेंढीचं मांस आणि औषधं पारीत भरून कानाच्या आकाराची ज्याओझ केली, अशी दंतकथा त्या दिवशी सगळे सांगतात.

आणि परतीच्या दिवशी सामान खाली आणून ठेवलं की विमानतळावर निघण्याआधी एकदा तिथे जा. प्रवासाला निघणाऱ्याला ज्याओझ आणि घरी पोचलेल्याला नूडल्स, अशी तिकडची रीत आहे. बॅग घेऊन आत शिरलात की आयींना न सांगता कळेल. तेव्हा ‘अर लियांग हुएइश्यांग’ म्हणा.