जुने लिननचे किचन टॉवेल: कात्री लावायच्या आधी

तुम्ही लिहिलंय की ट्रंकेत आजीचे लिननचे टी-टॉवेल सापडलेत, पिवळे पडलेत, थोडे डाग आहेत आणि ते सगळे कापून कुशन कव्हरं शिवायचीयत. कल्पना छान आहे, पण कात्री आज नको.

आधी नुसत्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, बराचसा पिवळेपणा तिथेच सुटतो. उरलेल्याला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटवालं, कोमट पाण्यात काही तास. क्लोरीनचं अजिबात वापरू नका, ते धागा खातं, आणि गंजाचा डाग असेल तर तो उलट पक्का बसतो. गंजाला लिंबाचा रस आणि मीठ चालतं, पण फक्त पांढऱ्या भागावर, प्रिंटवर नको. रंगीत भरतकाम असेल तर आधी ओला पांढरा कापूस त्यावर दाबून बघा, रंग लागला तर तो टॉवेल भिजवायचाच नाही. आणि पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा.

वाळल्यावर एकेक टॉवेल खिडकीच्या उजेडासमोर धरा. ही पायरी मी एकदा गाळली आणि अजून वाईट वाटतं, इतका सुंदर लाल चौकटींचा टॉवेल होता, मी कुशन शिवलं आणि दोन महिन्यांत बरोब्बर जुन्या घडीच्या रेघेवर फाटलं. लिननचा धागा जवळजवळ ताणला जातच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडली की तिथले धागे तुटत जातात, वरून दिसत नाही पण उजेडात लगेच कळतं.

मग वाटणी करा. नावाची अक्षरं हाताने भरलेले किंवा कॅलेंडर छापलेले टॉवेल मी तरी कापणार नाही. क्लिपवाल्या रिंगा लावून खिडकीला अर्धा पडदा करा, एक टाकाही लागत नाही. फ्रेम करायची तर गोंद नको, मागच्या कापडावर बारीक टाक्यांनी बसवा आणि थेट ऊन नसेल अशा भिंतीवर लावा.

धड असलेल्यांची कुशनं करा. टॉवेल साधारण ४५ बाय ७० सेंमीचा असेल तर ४० सेंमीच्या कुशनची पुढची बाजू आरामात निघते, आतून पातळ सुती अस्तर द्याच. मागचं नवीन कापड मात्र कापण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि पुढची बाजू चुरगळते. मधे विरलेले असतील त्यांचे काठ आणि कोपरे बहुतेक वेळा मजबूत असतात, त्यातून अॅप्रनचा खिसा किंवा सुगंधी पिशव्या होतात, आणि मूळ दुमडलेली किनार तशीच वापरली तर तेवढी शिवणही वाचते.

ठेवताना खळ नको, कसर लागते. घडीऐवजी गुंडाळून ठेवा. आणि कापून उरलेले तुकडे जपा, पुढे एखादा टॉवेल विरला की ठिगळाला तेच लागतात, नवीन लिनन जुन्याशेजारी लगेच वेगळं दिसतं.