शिक्षकांचा अभ्यासगट खरंच टिकतो का?

प्रशिक्षणं एवढी होत असताना शिक्षकांचा वेगळा अभ्यासगट कशाला, आणि काढलाच तर तो टिकतो का, असं तुम्ही विचारलंय. मी देवगड तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत आहे, तिथलं सांगतो.

आमचा पहिला गट तीन महिन्यांत आटोपला. व्हॉट्सॲपवर होता. परिपत्रकं, 'दुपारी दोनपर्यंत माहिती भरा', वाढदिवस. शिकवण्याबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्यांदा आम्ही पाचच जण, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर. नियम एकच: येताना मुलांच्या वह्या आणायच्या, त्याही चुकलेल्या. पहिल्याच दिवशी एका बाईंनी तिसरीची वही पुढे ठेवली. ५२ − ३८ = २६. आम्ही म्हटलं, हातचा विसरला. बाई म्हणाल्या, "विसरला नाही हो. आठातून दोन वजा केलेत. सगळीकडे मोठ्यातून लहानच काढतो." सोमवारी माझ्या वह्या चाळल्या, तर तीन मुलं तेच करत होती. मी वर्षभर लाल शाईने 'नीट बघ' लिहीत होतो!

मग माडाच्या हिरांचे, म्हणजे झावळीच्या काड्यांचे, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे, दोन सुटे. त्यातले आठ सुटे मागितले की मूल आपणहून गठ्ठा सोडतं. एका सरांकडे मात्र जमेना. मुलं गठ्ठा सोडायची आणि वहीत पुन्हा २६. पुढच्या शनिवारी ठरलं, गठ्ठा सुटला की त्याच क्षणी वहीतला ५ खोडून ४ करायचा आणि २ चे १२.

एकच काम करणारी माणसं ते काम करता करता एकमेकांकडून शिकतात, अशा गटाला 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' म्हणतात. हा शब्द जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये पुढे आणला, तोही शाळा बघून नव्हे. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडची शिकाऊ पोरं पाहिली होती: आधी बटणं, हातशिलाई, कापड बेतणं शेवटी. आपल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. पोरगा आधी दोरीला हात लावतो, जाळं कुठे टाकायचं ते पुष्कळ नंतर. आमच्याकडची नवी शिक्षणसेविका पहिले दोन महिने नुसती ऐकत होती. तिला बोलायला लावू नका.

आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेतलाच तास मागून घ्या, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. माझं मत विचाराल तर नको. केंद्रप्रमुख कितीही चांगले असले तरी साहेब समोर बसले की चुकलेली वही पिशवीतच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास प्रशिक्षणाचे सांगितलेत. आमचे शनिवार त्यात कुणी धरलेले नाहीत.

जुलैत वहाळाला पाणी आलं की दोघांना येता येत नाही. मग ते वहीचा फोटो पाठवतात. त्या जुन्या व्हॉट्सॲप गटाचा आता तेवढाच उपयोग.