आईला (वय ६२, देवगड) मोबाइलवर ब्राउझर वापरायला शिकवायचंय, सुरुवात कशापासून करू?

ॲड्रेस बारपासून, म्हणजे अगदी वरच्या पत्त्याच्या पट्टीपासून सुरुवात करा. शोधायला नंतर शिकवा. आमच्या गावच्या वाचनालयात मी ज्येष्ठांना हेच शिकवते, आणि माणसं फसतात ती इथेच. ‘सातबारा’ शोधला की कधी कधी वर आधी जाहिरात येते. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते दिसत नाही आणि तिलाच सरकारी समजून पैसे भरले जातात. म्हणून आईंना पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीचं नाव शेवटाकडून वाचायची सवय लावा. महाभूमी म्हणजे सरकारची सातबाऱ्याची साइट, तिचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, नुसता बघायचा सातबारा तिथे फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तरच शुल्क पडतं. मागे जायचा बाण आणि टॅब बंद करणं दोन दिवसांत जमतं. फोन मात्र त्यांच्याच हातात राहू दे, कितीही वेळ लागला तरी. एक अपवाद: कोकण रेल्वेचं तिकीट ज्या आयआरसीटीसीवर काढतात तिचा पत्ता ‘सीओ डॉट इन’ने संपतो, तेव्हा तिचा बुकमार्क तुम्हीच करून द्या.